दादा, त्या एका रेघेसाठी

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा. ठाणे-कळव्यातले टाकीवाले ओळखायचं ते ओळखतीलच.

आधी टाकी लावून देणाऱ्याचंही नाव लिहीत नाही. काम मात्र लिहिते, नाहीतर तुम्ही काय काय निस्तरलंत ते कुणाला कळायचं नाही.

खाऱ्या पाण्यातल्या माशा-प्रवाळांची टाकी सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. काठोकाठ ६८० लिटर. १२ मिलिमीटर जाडीची काच सव्वाशे किलोच्या घरात, त्यात दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी, धरला की वजन टनाच्या वर जातं. राहत्या घराच्या स्लॅबसाठी वापराचा भार धरतात चौरस मीटरला साधारण २०० किलो, आणि हा डोलारा उभा राहतो जेमतेम १.१ चौरस मीटरवर. त्या गृहस्थाने तो हॉलच्या मधोमध, बाल्कनीच्या दारासमोर मांडायचा घाट घातला होता. का, तर ‘लूक येतो’. वजन स्लॅबच्या मध्यावर आणि दुपारचं ऊन थेट काचेवर, म्हणजे शेवाळाची आयतीच सोय. तुम्ही आल्या आल्या छताकडे बघितलंत, बीम कुठून जातो ते ताडलंत, आणि तरीही सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय स्टँड हलवू दिला नाहीत. मग स्पिरिट लेव्हल. पाचरी स्टँडच्या पायांखाली. टाकी आणि स्टँडच्या मध्ये एकही नाही, कारण तिथे काचेवर एकाच जागी ताण येतो आणि कधीतरी मध्यरात्री ती तडकते.

पाइपांचं तर विचारूच नका. सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या रिटर्न लाइनला पितळी आट्यांचे जोड! बाथरूमच्या नळाला ते चालतात. खाऱ्या पाण्यात पितळ झिजतं आणि तांबं पाण्यात उतरतं. मासे काही दिवस तग धरतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ आधी जातात, आणि दोष मात्र ‘तुमच्या पाण्यावर’ येतो. तुम्ही तो प्रत्येक जोड काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलात, रागावलात मात्र नाही. टँक निपलपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं यूपीव्हीसी प्लास्टिक, पंपाच्या तोंडाशी युनियन, म्हणजे हाताने सुटणारा जोड, त्यामुळे सफाईला पंप दोन मिनिटांत हातात येतो. सॉल्व्हंट लावल्यावर २४ तास पाणी सोडायचं नाही, हे सांगून थांबला नाहीत, व्हॉल्व्हवर चिकटपट्टी लावून गेलात.

पाण्याबद्दल एक गोष्ट सगळ्या घोडबंदर रोडने ऐकावी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी रीफला, म्हणजे प्रवाळांच्या टाकीला, चालत नाही. त्यातल्या बऱ्याच मशिनांत चवीसाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ठरवणारा कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. वर इमारतीत टँकर येत असेल तर आज एक आकडा, उद्या दुसरा. तुम्ही आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा डबा जोडलात आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत एक लिटरही भरू दिलं नाहीत. सिलिकेट आणि फॉस्फेट टाकीत शिरले की आधी तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ. वाया जाणारं पाणी चांगल्या पाण्याच्या तिप्पट, म्हणून ती नळी पिंपात सोडलीत. लादी आणि संडास त्यावर निघतात. मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, वेगळ्या पिंपात, रात्रभर पंपाने ढवळून. घनता १.०२६, पण खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवूनच. साध्या पाण्यावर शून्य जुळवला तरी नेमका हव्या त्या आकड्यापाशी तो चुकू शकतो.

‘इंडियन लाइव्ह रॉक (समुद्रातला जीवांसकट दगड) स्वस्तात देतो’ हेही त्याच गृहस्थाचं. भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही. समुद्रातून तोडून आणलेला तसला दगड घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. तुम्ही कोरडा सच्छिद्र दगड सुचवलात, तो थेट तळाच्या काचेवर बसवून मग भोवती वाळू, म्हणजे बिळं करणाऱ्या गोबी माशाने वाळू उकरली तरी ढीग ढासळत नाही. वाळू अ‍ॅरागोनाइटची, साडेतीन सेंटिमीटर थर, साधारण ६० किलो. ‘बाटलीतले जीवाणू ओता, उद्या मासे सोडा’ याच्या जागी अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन) नेऊन, तो पचवणारे जीवाणू वाढेपर्यंत वाट बघणं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होऊन नायट्रेट दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे सहज जातात.

पण हे पत्र त्या रेघेसाठी आहे.

वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी खाली यायला लागतं. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या बॉक्सच्या, दात्यांच्या खालच्या कडेपर्यंत पातळी उतरते, म्हणजे आपल्याकडे दोन सेंटिमीटर. एवढ्या टाकीत एका सेंटिमीटरला ११ लिटर. दोनाचे २२, शिवाय पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं मिळून ३० लिटर सम्पमध्ये येतं. आधीचा माणूस सम्प काठाच्या दोन इंच खालपर्यंत भरून गेला होता. तीन फूट बाय सोळा इंचाच्या सम्पमध्ये दोन इंचांत मावतात जेमतेम १८ लिटर. उरलेले १२ लिटर खारं पाणी लादीवर, एक्स्टेन्शन बोर्डावर, खालच्या मजल्याच्या छतात. त्यात रिटर्नचं नोझल त्याने १० सेंटिमीटर खोल बुडवलेलं, म्हणजे उलटा सायफन लागला, त्याच पाइपातून पाणी खाली ओढलं गेलं, तर शंभराहून जास्त लिटर! पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा भरवसा नको, एखादी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो, हे तुमचंच वाक्य.

तुम्ही नोझल पृष्ठभागाशी आणलंत. मेन स्विच पाडलात. पाणी उतरायचं थांबेपर्यंत उकिडवे बसून राहिलात. मग सम्प काठाच्या चार सेंटिमीटर खालपर्यंत भरलात, पंप चालू केलात, आणि पाणी जिथे स्थिरावलं तिथे काचेवर जाड काळ्या मार्करने रेघ मारलीत. त्याखाली ठसठशीत मराठीत लिहिलंत: ‘पंप चालू असताना पाणी याच्या वर नको.’ कुणासाठी, असं विचारल्यावर म्हणालात, ‘सासूबाईंसाठी. चष्म्याशिवाय वाचता यायला हवं, घरी दुपारी त्याच असतात.’

दादा, पैसे मोजून घेणाऱ्याला घरात दुपारी कोण असतं हे विचारायचं सुचलं नव्हतं. त्याने लाइट दाखवली, टाकीत लाटा करणाऱ्या वेव्हमेकरचं ॲप दाखवलं, हप्ता घेतला आणि नंतर फोन उचलणं सोडून दिलं. तुमचा हा धंदा नाही, चहाच्या पलीकडे तुम्ही काही घेतलं नाहीत, आणि ‘का?’ असं चौथ्यांदा विचारलं तरी त्याच आवाजात सांगितलंत. आपण वापरणार नाही त्या वस्तूची, आपल्याला भेटणार नाही त्या माणसासाठी एवढी काळजी घेणारी माणसं अजून आहेत. लिफ्टचं दार धरून ठेवणारी, पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी अडकू न देणारी, सगळी त्याच जातकुळीची. त्यांची बातमी होत नाही एवढंच.

बाकी खुशाली. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याने पाणी थंड होत नाही, हे तुम्ही म्हणालात तसंच झालं, म्हणून चिलर सुक्या बाल्कनीत हलवलाय. कॅबिनेटमध्ये त्याचीच गरम हवा त्याला परत मिळायची. आता २६ अंशांच्या आसपास राहतं. वायरीवरचं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच गळावं म्हणून वायरी सॉकेटच्या खाली झोका देऊन वर घेतल्यात, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसली, आणि महावितरण अर्धा दिवस गेलं तरी इन्व्हर्टरवर वेव्हमेकर चालतो. आटलेल्या पाण्याची भरती गोड्या पाण्यानेच, मीठ आटत नाही हे आता सासूबाई शेजारणींना सांगतात. झोअँथिड (प्रवाळांचे नातलग) उघडलेत, क्लाउनफिश खातात.

तुमचं ३५ पीपीटीचं द्रावण आमच्याकडेच राहिलंय. ते न्यायला या, आणि या वेळी वहिनींना घेऊन जेवायलाच या. रविवार सोयीचा.