फोटो बदलला, बाडंही गेली

माझा लेखक म्हणून छापून येणारा फोटो 2009 चा, डोक्यावर केस असतानाचा. कॅमेरा दिसला की मान आखडते, काय करणार! परवा अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरताना ‘काका, तिकडं माकड बघा’ म्हणत जिनं मोबाइलवर हळूच फोटो काढला, त्या पोरीचे आभार. एक डोळा बारीक आलाय, पण माणूस मीच आहे.

याच गावात संतकवी दासोपंतांनी (1551–1615) अख्खी पासोडी, म्हणजे पांघरायचं जाड कापड, लिहून भरली. माझे दोन कथासंग्रह मात्र आठ वर्षं पिशवीत. दर गुरुवारी चहा पाजून ‘झालं का?’ एवढंच विचारणाऱ्या गुरुजींचे, अन् माझं किरटं अक्षर लावून टाइप करणाऱ्या ताईंचे लई उपकार.

दोन्ही बाडं सोमवारी पोस्टात टाकली. पावती खिशातच आहे.