आई-नानांना, धडगावला जाण्याआधी

ती. आई आणि नाना यांस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे जमत नाही. आई रडायला लागते, नाना "बघू" म्हणून फोन तिच्या हातात देतात, मग मी जेवलात का एवढं विचारून ठेवून देते. म्हणून लिहितेय. धडगावच्या १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून मी होकार कळवला आहे. एक तारखेला हजर व्हायचंय. नाना, गाळा माझ्यासाठी अडवून ठेवू नका. मेडिकलवाले मागत होते ना, त्यांना भाड्याने द्या, अकरा महिन्यांचा करार करून.

राहायचं आधी सांगते, म्हणजे आई पुढचं नीट वाचेल. खोली ग्रामीण रुग्णालयाच्या हाकेच्या अंतरावर आहे, शेजारी दोन सिस्टर राहतात. पाण्याला फिल्टर आहे, तरी उकळूनच पिणार. पावसाळ्यात लाइट जाते, चार्जिंगचा दिवा घेतलाय. ज्वारी-मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ मिळते. कळण्याची भाकरी नाही मिळणार, त्याला इलाज नाही. बिबड्या बांधून दे, पण लोणच्याची बरणी नको, बॅगेचं काय होतं ते तुला माहीत आहे. तिकडचा आमचूर नावाजलेला, दिवाळीला येताना आणीन. आणि घाटात गाडी मी चालवणार नाही. १०८ च्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, त्यांना तिथलं वळण न् वळण पाठ असतं. चांदसैली घाटात दरड आली तर शहाद्याच्या रस्त्याने उतरायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं.

"कसाले जास व माय इतली दूर?" असं आई विचारते. नाना विचारत नाहीत, पण यावलच्या लग्नात मी जे बोलले ते त्यांना अजून खुपतंय, हे मला कळतं. पोरगी चारचौघांत गर्भपाताची बाजू घेते आणि आता डोंगरात निघाली, या दोन्ही गोष्टींची धास्ती तुम्हाला एकदमच वाटते. माझ्या मते त्या एकच गोष्ट आहेत. जरा सविस्तर सांगू द्या.

एक तर मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. मला गर्भपात करता येत नाही, त्याच्या गोळ्याही लिहून देता येत नाहीत. तो अधिकार कायद्याने ठरवलेलं शिक्षण आणि अनुभव असलेल्या अॅलोपॅथीच्या डॉक्टरलाच आहे, तोही सरकारी दवाखान्यात किंवा मान्यता मिळालेल्या खासगी दवाखान्यात. तेव्हा नाना, "पोरगी हे धंदे करणार का" असं कोणी पारावर विचारलं तर बिनधास्त नाही म्हणा. आमच्या गाडीत येतं ते नंतरचं. बाई गुपचूप काहीतरी घेते, दोन दिवस अंगावर काढते आणि तिसऱ्या दिवशी ब्लीडिंग थांबत नाही म्हणून घरचे फोन लावतात.

खरं तर गोळ्या चांगल्या आहेत. किटमध्ये पाच असतात. एक मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची, ती आधी. मग ३६ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार, २०० मायक्रोग्रॅमच्या. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतल्या तर बहुतेक बायकांचं काम सरळ होतं. बिघडतं कुठे, तर मोजण्यात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. घरात मोजतात पाळी चुकली तिथून. म्हणजे चार आठवडे तिथेच कमी धरले गेले. दहावा-अकरावा आठवडा असताना सहावा समजून गोळ्या घेतल्या की पिशवी पूर्ण साफ न होण्याचा धोका वाढतो. तुकडा आत अडकला की रक्त जात राहतं, मग ताप, मग घाण वास. कोणी पाचही गोळ्या एकदम घेतं. कोणाला चिठ्ठीशिवाय देणारा फक्त चार गोळ्यांची पट्टी देतो आणि वर काही सांगत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गर्भ पिशवीत नसून नळीत असणं. तिथे या गोळ्यांचा उपयोग नाही. बाहेर रक्त थोडंच दिसतं आणि पोट आतून भरत जातं. खांद्याच्या टोकाला दुखतंय आणि उठलं की चक्कर येतेय असं बाई म्हणाली, तर ती नळी फुटल्याची खूण धरायची आणि गाडी पळवायची. म्हणून गोळ्यांआधी तपासणी हवी, शंका असेल तिथे सोनोग्राफी हवी. एवढंच मी त्या लग्नात सांगत होते, काकूंनी अर्धंच ऐकलं.

तासाला दोन पॅड पूर्ण भिजतात आणि असं सलग दोन तास चाललंय, तर थांबायचं नाही. गाडीत घेतल्यावर नाडी आणि बीपी शेजारी शेजारी लिहितात. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेला, म्हणजे नाडी ११० आणि बीपी ९०, तर बाई बोलत असली तरी शॉकमध्ये चालली आहे. दोन्ही हातांना जाड सुया, सलाइन, ऑक्सिजन, अंगावर पांघरूण. भिजलेले कपडे फेकायचे नाहीत, सोबत घ्यायचे, त्यावरून रक्त किती गेलं याचा अंदाज येतो. त्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. आधीच ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठ, तिच्याकडे गमवायला शिल्लकच नसते.

आणि हे सगळं कळायला ती बाई खरं बोलली पाहिजे. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असला की ती "काही घेतलं नाही" म्हणते. म्हणून नातेवाइकाला पुढे पायलटशेजारी बसवायचं, मधलं दार ओढायचं आणि मग विचारायचं. शेवटची पाळी कधी? काय घेतलं, किती वाजता? मूल कोणाचं, लग्न झालंय का, हे मला उपचाराला लागत नाही, म्हणून मी विचारणार नाही.

नाना, तुम्ही कायदा मानणारे. तर कायदाही हेच सांगतो. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, इंदिराबाईंच्या काळातला, म्हणजे हे आजच्या पोरींचं फॅड नाही. २०२१ ला तो सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि काही ठरावीक कारणं: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, दिवस असताना नवरा गेला किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व, बाळात गंभीर दोष वगैरे. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न न झालेली बाईही यातून वगळायची नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायद्यात नाहीच, कितीही दवाखाने मागत असले तरी. तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि जीव वाचवण्यासाठी लगेच करावं लागलं तर आठवड्यांची आणि दोन मतांची अट आडवी येत नाही, हे कायद्यात पहिल्यापासून आहे.

त्याचं मोल काय, हे बेळगावच्या सविता हलप्पनवारवरून कळतं. ती स्वतः दाताची डॉक्टर, आयर्लंडमध्ये राहायची. २०१२ साली, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नव्हता. तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नाकारला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली, ३१ वर्षांची. त्या देशाने २०१८ ला मतदान घेऊन तो नियम काढला. नाना, तुम्ही तेव्हा पेपर वाचून "डॉक्टर काय बघत बसले होते?" म्हणाला होतात. मी तेच म्हणतेय, फक्त मोठ्याने.

आईचा प्रश्न वेगळा आहे, मला माहीत आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यात मुली कमी झाल्या, त्या कशाने हे तू पाहिलंयस. गर्भाचं लिंग बघणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि मी त्या कायद्याच्या बाजूने उभी आहे. पण बघ, सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळायला बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. म्हणजे गोळ्यांचा आणि मुलगी पाडण्याचा संबंधच लागत नाही. तरी तपासणीच्या धाकाने मेडिकलवाले त्या ठेवायला घाबरतात, ठेवल्या तर चोरून विकतात. पकडायचं मशीनवाल्याला आणि धाक बसतो बाईला. जिला सातव्या आठवड्यात आशाताईशी मोकळं बोलता येतं, ती बाई रात्री दोन वाजता आमच्या गाडीत येत नाही. कमलमावशीच्या वेळी असं कोणी असतं तर? असो, यावर मी जास्त लिहीत नाही. आई, तुला दुखवायचं नाही.

बाकी ड्युटीत जास्त काम डिलिव्हरीचंच असतं, त्याने तरी तुला बरं वाटेल. १०८ राज्यात २०१४ ला ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि आपल्याकडे गाडीत डॉक्टर असतो. गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२ वेगळी, तीही फुकट. पण पाड्यापर्यंत रस्ता नसतो. बाईला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, तिथून पुढे आम्ही. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना तर बोटच लागते. म्हणून लांबच्या बाईला तारखेच्या आधी दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवायची योजना आहे. तिला आणणं हे खरं काम, सायरन वाजवणं नव्हे.

बाळ बाहेर आलं की एका मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, १० युनिट. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली आणि बर्फाची पेटी विसरली, तर आपल्या खानदेशच्या उन्हात त्याचा गुण जातो आणि वेळेवर कळतही नाही. ड्युटी हातात घेताना पहिली तपासणी त्या पेटीची. वार पडल्यावर पोटावरून हात लावला की गर्भाशय कडक लागलं पाहिजे, मळलेल्या घट्ट कणकेसारखं. मऊ लागलं तर चोळायचं आणि आधी लघवी करवायची, कारण लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भाशय आकसत नाही. अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं तर ट्रानेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू, डिलिव्हरीनंतर तीन तासांच्या आत. झटके आले तर डाव्या कुशीवर वळवायचं, मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. हे तुमच्या गल्लीतही सांगा.

आता तुमचं. इथे मी ऐकून घेणार नाही.

काही झालं तर आधी १०८, मग मला. धडगावला रेंज जाते-येते. १०८ चा फोन पुण्याला लागतो, तिथल्या मुलीला "वाडी संस्थानच्या मागे" म्हटलं तर काय कळणार? जिल्हा जळगाव, तालुका अमळनेर, मग कॉलनी, मग जवळची खूण, या क्रमाने सांगा. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे विचारतील. फोन आपण ठेवायचा नाही. फाटक उघडा, बाहेरचा दिवा लावा, शेजारच्या बापूंना कोपऱ्यावर उभं करा.

नाना, छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, म्हणजे गॅस समजून ओवा खायचा नाही. बसून राहायचं, जिना चढायचा नाही, अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅम चावून घ्यायची. तुम्हाला ती चालते, मी तुमच्या डॉक्टरांना विचारलंय. पण तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर अॅस्पिरिन नाही, पाणीसुद्धा नाही. लक्षण कधी दिसलं ती वेळ लिहून ठेवा; गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आई, हातपाय थरथरले की आधी साखर तपास. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. तू गुंगीत असशील तर नानांनी तोंडात काही घालायचं नाही. उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, हे बंद. चतुर्थी असो नाहीतर एकादशी, देवाला चालतं. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावत जा ना गं, मला झोप येत नाही विचाराने.

रागावला असाल तर रागवा, पण अबोला धरू नका. रोज रात्री साडेआठला फोन करीन. नाही लागला तर रेंज नाही असं समजायचं, दुसरं काही मनात आणायचं नाही. नानांचा ईसीजी येत्या पंधरा दिवसांत काढून त्याचा फोटो मला पाठवा, दोन्ही बाजू, सावली न पाडता.

तुमची,
छोटी