जुन्या नोटांना इस्त्री नको

जुनी नोट मळकी दिसली की ती धुऊन, इस्त्री फिरवून ‘कोरी’ करण्याचा मोह अनेक संग्राहकांना आवरत नाही. धुतल्याने कागदातली खळ निघून जाते आणि इस्त्रीने छपाईचा बोटाला लागणारा उठाव सपाट होतो. डिटर्जंट वापरले असेल तर अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकतो. जाणकाराला एवढे पुरते. घडी तर जातच नाही, नोट उजेडात तिरकी धरली की रेघ दिसतेच. फाटक्या कडेला चिकटपट्टी लावणे त्याहून वाईट, कारण तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पीव्हीसीची पाकिटेही टाळावीत. त्यांना मऊ ठेवणारे रसायन हळूहळू पाझरते आणि नोट चिकट होते. पॉलिएस्टरची पाकिटे महाग पडतात, तरी तीच घ्यावीत.