तबला कपाटातून बाहेर काढा

सर्व सभासदांना नमस्कार.

परीक्षा संपल्यापासून रविवारच्या बैठकीला निम्मी मंडळी दिसत नाहीत. (कारणं ऐकून झाली आहेत, नवीन असल्यास कळवावे.) या रविवारी सकाळी ९ वाजता कायदे-पलटे (ठरावीक बोलांच्या रचना आणि त्यांचे विस्तार) काही नाहीत. पेटीवर लेहरा (तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लागेल, आपण फक्त तीनतालाचा १६ मात्रांचा ठेका मध्य लयीत धरायचा. हात बसला नसला तरी या.

तोवर घरी रोज दहा मिनिटं ‘धा धा तिरकिट’ पुरे. एकदम तासाभराच्या रियाजाचा संकल्प करू नका, तो टिकत नाही.

पावसाळी हवेने सूर उतरला असेल, तर आधी गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला मिळवून घ्या. बद्द आवाजावर कुणाचंच मन रमत नाही. शाई (मधला काळा लेप) उडाली असल्यास तबला सोबत आणा, पुडी (वरचं चामडं) बदलायला सगळे एकत्र पाठवू.