स्तोत्रं आणि तुझे दोन प्रश्न

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. आई गेल्यापासून उपासनेत स्तुतिगीत सुरू झालं की तोंडातून शब्दच फुटत नाही, असं लिहिलं आहेस. आणि त्याखाली दुसरा प्रश्न: बायबलमधली स्तोत्रं मुळात इस्राएलची, त्यांत आपण ख्रिस्त पाहतो तो ओढूनताणून तर नाही? मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात, म्हणून एकत्रच लिहितो.

ओढाताण होते, हे खरंच आहे. काही जण दीडशे स्तोत्रं भविष्यवाण्यांची यादी असल्यासारखी वाचतात. मग दाविद राजाच्या, किंवा आसाफ आणि कोरहपुत्र या मंदिरातल्या गायकांच्या नावावरच्या स्तोत्रांत जी माणसं खरोखर रडली, त्यांचं रडणं ऐकूच येत नाही. मला ते आवडत नाही. यहूदी लोक आजही सभास्थानात हीच स्तोत्रं म्हणतात, ती त्यांची आहेतच. आपल्याला ती मिळाली एका यहूद्याकडून, येशूकडून, जो ती लहानपणापासून म्हणत आला होता.

मी तिथूनच सुरुवात करतो. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या यहूदी सणाच्या रात्री, शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन झाल्यावर, ‘स्तोत्र गाइल्यावर’ ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असं मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. वल्हांडणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं गाण्याची यहूदी रीत आहे, शेवटची भोजनानंतर. आता ११८वं उघड आणि त्या रात्रीचं समजून वाच. ‘मी मरणार नाही, तर जगेन.’ ‘बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड कोनशिला झाला आहे.’ सणाचा यज्ञपशू दोरीने बांधण्याचीही ओळ त्यातच आहे. हे गाऊन येशू गेथशेमानेत गेला, जिथे त्याला अटक झाली. यात ओढूनताणून काय आहे? त्याने हे शब्द तोंडात घेतले आणि मग जगून दाखवले.

२२व्या स्तोत्राचंही तेच. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही पहिली ओळ वधस्तंभावरून ऐकू आली, म्हणून ती सर्वांना पाठ आहे. पण तिथे थांबू नकोस. पाण्यासारखा ओतला गेलेला माणूस, निखळलेली हाडं, मेणासारखं वितळलेलं काळीज, टाळूला चिकटलेली जीभ, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकणारे लोक. एकविसाव्या वचनापर्यंत बहुतेक हे असंच चालतं. आणि बाविसाव्यात तोच माणूस एकदम म्हणतो, मी माझ्या बांधवांना तुझं नाव सांगेन, मंडळीत तुझं स्तवन करीन. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र हे वचन थेट येशूच्या तोंडी घालतं. योहानाच्या शुभवर्तमानात कबरेतून उठलेला येशू मग्दालीया मरीयेला सांगतो, ‘माझ्या बांधवांकडे जाऊन सांग.’ ही दोन वचनं शेजारी ठेवली की माझे डोळे दर वेळी भरून येतात. मंडळीतली स्तुती आधी तो करतो. आपण मागाहून सूर मिळवतो, आणि ज्या दिवशी आपला सूर लागत नाही त्या दिवशीही त्याचं गाणं थांबत नाही.

तुझ्यासारख्या चिकित्सक माणसाला इथे एक अडचण दिसेलच. ६९वं स्तोत्र नव्या करारात पुन्हापुन्हा येतं: मंदिराविषयीचा आवेश, तहानेला दिलेली आंब. पण त्याच स्तोत्रात ‘माझे दोष तुझ्यापासून लपलेले नाहीत’ असंही आहे. हे निष्पाप येशूने कसं म्हणावं? प्राचीन मंडळीचा बिशप ऑगस्टीन याने यावर मार्ग दाखवला, तो मला पटतो. तो म्हणतो, स्तोत्रांत ख्रिस्त कधी मस्तक म्हणून बोलतो, कधी आपल्या शरीराच्या, म्हणजे मंडळीच्या वतीने. आपली पापकबुलीही तो स्वतःची म्हणून उच्चारतो. तोच ऑगस्टीन इ.स. ४३० मध्ये मरणाला टेकला तेव्हा त्याने पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेऊन पलंगासमोरच्या भिंतीवर लावली होती, आणि ती वाचत रडत असे. इतका मोठा बिशप, आणि शेवटी स्वतःचे शब्द शोधत बसला नाही.

१३७व्या स्तोत्राचा शेवट, बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारी ती ओळ, मला अजून जड जाते. ती मी गोड करून सांगणार नाही. देशोधडीला लागलेल्यांचा तो संताप देवासमोर मांडला आहे, एवढंच धरून मी पुढे जातो.

तुला मात्र ८८वं वाचायला सांगेन. त्यात आशेचं वळण येत नाही. शेवटचा शब्द अंधाराचाच आहे. तरीही ते देवाला उद्देशून आहे आणि स्तुतीच्या याच संहितेत आहे. कोणी ते काढून टाकलं नाही, की त्याला ‘हालेलूया’ जोडलं नाही. तेव्हा तू गप्प राहिलास म्हणून स्तुतीबाहेर गेलास, असं मनात आणू नकोस. येत्या रविवारी गाऊ नकोस हवं तर. उभा राहा, शेजारचे गातात ते ऐक.

आईंना कोणतं स्तोत्र आवडायचं, ते पुढच्या पत्रात कळव. महिनाभर मी रोज सकाळी तेच म्हणेन, तुझ्या वतीनेही.

तुझाच,
शमुवेल