दुसरा ‘तिरकिट’ ऐकू येईपर्यंत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची चर्चा सुरू झाली, की पुण्यात एक जुनं भांडण नव्याने उकरलं जातं. एक पक्ष म्हणतो, आजकालच्या पोरांना शास्त्रीय संगीताची चाडच उरलेली नाही. दुसरा म्हणतो, तासभर ‘आ’ लावून बसण्यात कसलं आलंय संगीत? भांडणारे दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: गाणं आवडणं वा न आवडणं ही माणसाच्या संस्काराची, नाहीतर अकलेची पावती आहे. गाणं शिकवणाऱ्या आणि तबल्याच्या साथीला बसणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र या नावडीच्या मुळाशी बरेचदा एक अगदी साधी अडचण दिसते. ऐकणाऱ्याला सम, म्हणजे तालाचं चक्र (आवर्तन) जिथून सुरू होतं तो पहिला ठोका (मात्रा), सापडलेली नसते.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालच घ्या, कारण मैफलीतलं संथ लयीचं मोठं गाणं, म्हणजे बडा ख्याल, पुष्कळदा त्यातच असतं. मात्रा बारा. लय संथ असेल तर एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागतं. माणसाची लयीची जाण साधारण दोन सेकंदांपर्यंतच पोचते. दोन ठोक्यांमधलं अंतर त्याहून वाढलं की ठोके एकमेकांना जोडलेले वाटत नाहीत, सुटे सुटे ऐकू येतात. त्यामुळे नव्या श्रोत्याच्या लेखी विलंबितात ताल नसतोच. तबला आपला कुठेतरी वाजतोय, गायक आपला कुठेतरी फिरतोय, आणि मध्येच आजूबाजूचे लोक एकदम मान टाकून ‘वा!’ म्हणतात. ओळखीचं कुणी नसलेल्या लग्नात पंगतीला बसल्यासारखी त्याची गत होते. त्याला कंटाळा आला तर नवल ते काय?

यावर उपाय आहे, आणि त्याला राग ओळखता यावा लागत नाही. मात्रा चार सेकंदांची असेल तर तिचे चार भाग पाडून बोटांवर मोजायचे; तबलजीही मधल्या जागा बारीक बोलांनी भरत असतो, ते बोल मदतीला येतात. ठेका, म्हणजे एका आवर्तनाचे तबल्याचे बोल, असा: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, क, त्ता, धागे, तिरकिट, धी, ना. ‘तिरकिट’ दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. विलंबितात तो मात्राभर पसरलेला असतो, म्हणून सहज कानात भरतो. पहिल्या ‘तिरकिट’नंतर ‘तू ना’ येतं आणि डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा डावा) गप्प बसतो. दुसऱ्यानंतर ‘धी’ येतो आणि डग्ग्याचा घुमार परत येतो. म्हणजे ‘तिरकिट’ झाला आणि पाठोपाठ डग्गा घुमला, की सम दोन मात्रांवर आली. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, बहुधा याच सुमारास उचलला जातो आणि समेवर येऊन पडतो. हे चार-पाच आवर्तनं नुसतं मोजून पाहावं. सहाव्या आवर्तनाला गायक दहाव्या मात्रेपर्यंत तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) रेंगाळलेला असतो आणि श्रोत्याच्या पोटात गोळा येतो: हा आता वेळेत येणार कसा? तो गोळा हीच ख्यालातली अर्धी गंमत आहे. वाट कशाची पाहायची हेच माहीत नसलेल्याच्या वाट्याला ती येत नाही.

मोजताना एक चूक हटकून होते. मात्रेच्या पाव भागालाच मात्रा धरली जाते. मग तिसरी मात्रा संपतानाच बारा मोजून होतात, सम काही येत नाही, आणि माणूस नाद सोडतो. दुसरी चूक म्हणजे लक्ष हार्मोनियमकडे ठेवणं. हार्मोनियम गायकाच्या मागून चालते, ती ताल सांगत नाही. कान डग्ग्यावर ठेवावा.

आता बदलाबद्दल. ‘इतका वेळ तेच तेच चाललंय’ ही तक्रार नेहमीची, आणि ती खोटी नाही. चित्रपटगीतात गिटार, कीबोर्डचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरमेळ) दर दोन-चार सेकंदांनी बदलतात, कडवं संपलं की वाद्यांचा तुकडा येतो, नवं वाद्य शिरतं. लहानपणापासून कानाला ‘काहीतरी घडलं’ हे असंच कळत आलेलं असतं. तानपुरा तर पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज (खालचा ‘सा’) यांपलीकडे जातच नाही. इथे जमीन हलत नाही. घडतं ते स्वर आणि षड्ज यांच्यातल्या अंतरात. यमन रागात निषादावर (‘नी’वर) थांबलेला गायक षड्जाला किती वेळ हुलकावणी देतो, हे ऐकायचं असतं. ज्याचा कान तळातली हालचाल शोधतोय, त्याला खरोखरच काही घडताना ऐकू येत नाही. अशा वेळी दोन मिनिटं नुसता तानपुरा लावून त्यावर आपला ओबडधोबड ‘सा’ गुणगुणावा. षड्ज एकदा अंगात भिनला की मग गंधार (‘ग’) आणि निषाद कुठे उभे आहेत ते कुणी सांगावं लागत नाही.

मराठी श्रोत्याची एक खास अडचण शब्दांची. आपले कान कीर्तन, अभंग, लावणी, नाट्यपद आणि भावगीत यांच्यावर पोसलेले आहेत. या सगळ्यात शब्द आधी पोचतो. बंदिशीत स्थायी-अंतरा मिळून शब्द जेमतेम चार ओळींचे, तेही बहुधा ब्रजभाषेतले, आणि विलंबितात एक अक्षर सहा सेकंद ताणलं की शब्दाचा शब्द राहत नाही. ‘काय म्हणतोय तेच कळत नाही’ असं म्हणणाऱ्याला हसू नये. त्या चार ओळी आधी कागदावर वाचायला मिळाल्या तर ही अडचण तिथल्या तिथे निम्मी होते.

ऐकायच्या यंत्राचाही दोष आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. मोबाइलचा चिमुकला स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून कान खालच्या स्वराचा अंदाज बांधतो हे खरं, पण खर्जाचा भरणा जातो, डग्ग्याचा घुमार जातो, आणि उरतो किरटा आवाज व टकटक. ज्या डग्ग्यावर कान ठेवायला वर सांगितलं, तोच गायब. शिवाय आलापीचा आवाज दबका आणि तानांचा चढा. हल्लीची गाणी मात्र पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारख्याच जोरात असतात. पीएमपीच्या बसमध्ये आलाप ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पंधरा मिनिटांनी तान कानठळ्या बसवते. ख्याल शांत खोलीत, बऱ्या इअरफोनवर ऐकावा. आधी शेवटच्या द्रुत तानांचा भाग लावून आवाज ठरवावा, मग सुरुवातीला जावं.

सुरुवात कशाने करावी? तासाभराच्या बड्या ख्यालाने करू नये. मध्य लयीतली, त्रितालातली, पाच ते दहा मिनिटांची एकच बंदिश निवडावी आणि पंधरा दिवसांत सहा-सात वेळा तीच ऐकावी. दर वेळी नवी चीज, म्हणजे बंदिश, ऐकणाऱ्याला गोडी लवकर लागत नाही. नुसत्या पुन्हापुन्हा भेटण्याने गोष्ट आवडू लागते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. फार सोपं कंटाळवाणं आणि फार गुंतागुंतीचं त्रासदायक, आवड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी वसते, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी मांडलं. ती मधली जागा प्रत्येकाची वेगळी असते आणि परिचयाने सरकते. लहान गाणं म्हणजे कमअस्सल, अशी शंका असणाऱ्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या ऐकाव्यात. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. परग्रहावरच्या श्रोत्यांनाही कुणी बड्या ख्यालाने सुरुवात करायला लावलेली नाही.

एवढं करूनही नाही आवडलं तर? तर नाही आवडलं. काही माणसांना कुठल्याच संगीताने आनंद होत नाही; बाकी सुखं त्यांना व्यवस्थित लागतात, कानही ठीक असतात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांना, ज्यांचा पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध आलेला नाही, आपल्याला कर्कश वाटणारे स्वरमेळही सुरेल मेळांइतकेच बरे वाटतात, असं २०१६ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे ‘कानाला गोड’ हेही बऱ्याच अंशी सवयीचंच देणं. त्यात विशीच्या आसपास जे ऐकलं ते जन्मभर सर्वांत जवळचं राहतं. त्या वयात ज्याच्या कानावर ढोलकी किंवा ड्रम्स पडले, त्याला चाळिशीत झुमरा तालातला संथ ख्याल आवडला नाही तर त्याच्या आईवडिलांचे संस्कार काढण्याचं कारण नाही.

आणि रसिकांनी तरी छातीवर हात ठेवून सांगावं. चार-चार तास ख्याल ऐकणारे आपल्यापैकी कितीजण कर्नाटक संगीताची कृती (तिथली बंदिश) सुरू झाली की नेमके तेव्हाच चहाला उठतात? किराणा घराण्याच्या आलापीत रमणाऱ्याला जयपूर घराण्याच्या पेचदार ताना ‘हिशेबी’ वाटतात, जयपूरवाल्याला किराण्यात लय ढिली वाटते. ढोलकीच्या बाजातले बारकावे तर बैठकीतल्या कित्येक जाणकारांना सांगूनही पकडता येत नाहीत. तिथे आपण ‘आमची आवड वेगळी’ म्हणतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तेच अज्ञान ठरतं. भूप आणि देशकार या रागांचे पाचही स्वर तेच, भूपात गंधाराचं राज्य आणि देशकारात धैवताचं. हा फरक पकडताना भले भले अडखळतात, आणि तरीही नवख्याला पहिल्याच मैफलीत ‘कुठला राग, सांग पाहू’ असं दरडावणारे काका प्रत्येक रांगेत एक तरी असतातच. नवखा पुढच्या वर्षी येत नाही.

सक्तीचा परिणाम आपण देशपातळीवर पाहून झालेला आहे. डॉ. बी. व्ही. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. त्याच काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ते काम मोठंच. पण श्रोत्यांनी रेडिओची सुई सरळ चित्रपटगीतं लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवली, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

आपल्या पत्रातून आयोजकांना दोन विनंत्या. प्रवेशिकेबरोबर एक कागद द्यावा: राग, ताल, मात्रा किती आणि बंदिशीचे शब्द. कलाकार ऐनवेळी राग बदलतात हे मान्य. तसं झालं तर ख्याल सुरू होण्यापूर्वी निवेदकाने तीस सेकंदांत सांगावं. त्या तीस सेकंदांत कलाकाराच्या पुरस्कारांची यादी वाचू नये. दुसरी विनंती ध्वनिव्यवस्थेची. मांडवात हार्मोनियम आणि तबल्याची चाट (काठावरचा टणक बोल) बहुधा गायकाच्या वर चढलेली असते, तानपुरे नुसते दिसतात. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक द्यावा, आणि आवाज बसवताना एका माणसाने शेवटच्या रांगेत जाऊन फक्त एवढंच पाहावं, की डग्गा आणि ‘तिरकिट’ तिथवर वेगवेगळे ऐकू येतात का.

आपले,
काही संगीतशिक्षक व साथीदार,
पुणे ३०