छोटा चार्जर घ्यावा, पण डिस्चार्जचा आकडा वाचून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या, म्हणजे आरसी कारच्या, शर्यतींचा छंद आपल्याकडे रुजू लागला आहे आणि त्यात शाळकरी मुलांपासून निवृत्त अभियंत्यांपर्यंत सर्व वयाची मंडळी दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र गाडी, मोटर आणि टायर यांवर महिनोन्‌महिने खल करणारे हेच लोक चार्जर सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि बहुतेक वेळा ‘पिशवीत मावेल असा लहानात लहान दाखवा’ एवढेच सांगून विकत घेतात. लहान चार्जर घेण्यात काहीच चूक नाही. बहुतेकांना तोच पुरेसा आहे. प्रश्न एवढाच आहे की, खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा एक गोष्ट सांगतो आणि बॅटरीचे आयुष्य ठरवणारा डिस्चार्जचा, म्हणजे भरलेली बॅटरी उतरवण्याच्या गतीचा, आकडा माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. त्याविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावेसे वाटले, म्हणून हे पत्र.

आधी गरज किती, ते पाहू. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या विजेवरील गाडीत साधारणपणे दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा लिथियम पॉलिमर बॅटरी पॅक असतो. त्याची क्षमता ५००० मिलिअँपिअर-अवर धरली, तर तासाभराच्या सुरक्षित गतीने भरण्यासाठी ५ अँपिअर लागतात. पूर्ण भरताना पॅक ८.४ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे चार्जरला जास्तीत जास्त ४२ वॅट द्यावे लागतात. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोहोचला की चार्जर विद्युतप्रवाह हळूहळू कमी करत नेतो, त्यामुळे प्रत्यक्षात तासाहून थोडा अधिक वेळ जातो. सांगायचे ते इतकेच की, अशी एक गाडी आणि दोन-तीन पॅक असणाऱ्याला ५० ते ८० वॅटचा चार्जर पुरतो. दोनशे-तीनशे वॅटच्या यंत्रावर पैसे घालण्याचे कारण नाही. एक-अष्टमांश आकाराच्या बग्गीत चार सेलचा पॅक असतो. तिथे त्याच ५ अँपिअरसाठी ८४ वॅट लागतात, तेव्हा पुढे मोठी गाडी घेण्याचा विचार असेल त्याने तो आजच लक्षात घ्यावा.

‘कॉम्पॅक्ट’ चार्जरची खरी मेख त्याच्या इनपुटमध्ये असते. तळहातावर मावणारे बहुतेक चार्जर घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लागतच नाहीत. त्यांना १२ ते २४ व्होल्टचा वेगळा पुरवठा किंवा यूएसबी-सी अडॅप्टर लागतो, आणि तो जमेस धरला की पिशवीतली जागा फारशी वाचत नाही. शिवाय अनेक चार्जरांच्या इनपुटच्या अँपिअरला मर्यादा असते. समजा ती १० अँपिअर असेल, तर २४ व्होल्टवर जो चार्जर २४० वॅट ओढू शकतो, तोच गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२० वॅटवर येऊन थांबतो. मोबाइलचा २० वॅटचा अडॅप्टर जोडून शर्यतीचा पॅक भरू पाहणाऱ्याला तर दोन तासांहून अधिक काळ ताटकळावे लागते. त्यामुळे ‘किती वॅट?’ या प्रश्नाला ‘कोणत्या इनपुटवर?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय दुकानातून निघू नये. ज्यांना घरी आणि मैदानावरील एक्स्टेन्शन बोर्डावर एकच यंत्र वापरायचे आहे, त्यांनी थोडे जड असले तरी आतच वीजपुरवठा असलेले मॉडेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या बारीक अक्षरांतल्या आकड्याकडे येतो. लिथियम पॉलिमर पॅक पूर्ण भरून ठेवणे त्याला मानवत नाही. तो हळूहळू फुगतो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि जोरात वेग घेण्याच्या क्षणी व्होल्टेज कोसळते. वापर नसताना प्रत्येक सेल साधारण ३.८ ते ३.८५ व्होल्टवर, म्हणजे अर्ध्याच्या आसपास, ठेवणे योग्य असते. महाराष्ट्रात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघड्यावरच्या मातीच्या ट्रॅकवरील शर्यती थांबतात आणि पॅक कित्येक आठवडे कपाटात पडून राहतात. शर्यत रद्द झाली म्हणून भरलेले पॅक तसेच घरी आले, तर ते उतरवण्याचे काम चार्जरच्या स्टोरेज मोडलाच, म्हणजे पॅक साठवणीच्या पातळीवर आणणाऱ्या सोयीलाच, करावे लागते. लहान चार्जरचा कमकुवतपणा नेमका इथे उघडा पडतो. उतरवलेली ऊर्जा त्याला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते आणि एवढ्याशा पेटीला ते जमत नाही, म्हणून ८० किंवा १०० वॅटने भरणारा चार्जर उतरवतो मात्र अवघ्या ५ वॅटने. आपल्या उदाहरणातील पॅकमध्ये एकूण ३७ वॅट-अवर ऊर्जा असते. तिचा अर्धा भाग ५ वॅटने काढायला जवळजवळ चार तास लागतात. चार पॅक असतील, तर एका पॅकमागून दुसरा लावत सकाळची रात्र होते. मग कंटाळून लोक पॅक तसेच ठेवून देतात आणि पावसाळ्यानंतर फुगलेले पॅक पाहून बॅटरीच्या कंपनीला दोष देतात. काही चार्जर उतरवलेली ऊर्जा इनपुटला जोडलेल्या बॅटरीत परत पाठवतात, काहींना बाहेरून रोध जोडून डिस्चार्ज वाढवता येतो. अशी सोय असलेल्या मॉडेलसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी ते वाचवलेल्या पॅकमधून भरून निघतात.

बॅलन्सिंगच्या, म्हणजे पॅकमधील सर्व सेल सारख्या व्होल्टेजवर आणण्याच्या, बाबतीत तडजोड अजिबात नको. ८.४ व्होल्ट ही बेरीज आहे. एक सेल ४.२८ आणि दुसरा ४.१२ व्होल्टवर असला तरी बेरीज तीच येते, आणि यातला पहिला सेल धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो. म्हणून प्रत्येक सेलचे व्होल्टेज पडद्यावर वेगळे दाखवणारा आणि बॅलन्स लीड (प्रत्येक सेलशी जोडलेल्या बारीक तारांची जोडणी) लावल्याखेरीज लिथियमचे चार्जिंग सुरूच न करणारा चार्जर निवडावा. नवशिक्यांच्या गाड्यांबरोबर पुष्कळदा ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक येतो आणि त्याची चार्जिंगची पद्धत अगदी निराळी असते. त्या मोडवर चुकून लिथियमचा पॅक लावला, तर ८.४ व्होल्टला थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. घरात दोन्ही प्रकारचे पॅक असतील, तर मोड बदलण्याचे काम मुलांवर सोपवू नये.

उन्हाविषयीही बोलायला हवे. लिथियम पॅक ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४२ ते ४४ अंशांवर असतो. फेरी संपवून आलेला पॅक तर त्याहून गरम असतो. तो निवल्याशिवाय चार्जरला लावू नये, बंद मोटारीत ठेवू नये आणि लहान चार्जरचा पंखा अडेल अशा रीतीने त्याला पिशवीत कोंबून चालवू नये.

शेवटचा मुद्दा नकली मालाचा. स्कायआरसी कंपनीचा आयमॅक्स बी६ हा ५० वॅटचा, सहा सेलपर्यंत चालणारा जुना चार्जर जगभर इतका खपला की त्याच्या हुबेहूब नकलांचा सुळसुळाट झाला आणि अस्सल माल ओळखता यावा म्हणून मूळ उत्पादकाला पडताळणीचे स्टिकर लावावे लागले. नकलेत सेलचे व्होल्टेज चुकीचे मोजले जाते, हा खरा धोका आहे. त्यावर उपाय सोपा आहे: दुकानातच पॅक जोडावा, बॅलन्स लीडवर प्रत्येक सेल चांगल्या मल्टिमीटरने मोजावा आणि पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. ०.०२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला तर तो चार्जर घेऊ नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत आणि संकेतस्थळांवरही हे साहित्य विकणाऱ्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी किमतीच्या चिठ्ठीवर चार्जिंगचे वॅट लिहितात तसे डिस्चार्जचे वॅट, बॅलन्सिंगचा प्रवाह आणि प्रत्येक इनपुटवर मिळणारी प्रत्यक्ष क्षमता मराठीत लिहावी. शर्यती भरवणाऱ्या मंडळांनी पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेत, चार्जिंगसाठी सावलीतले वेगळे टेबल, वाळूची बादली आणि न जळणाऱ्या पिशव्या सक्तीच्या कराव्यात. युरोपातील अनेक शर्यतींमध्ये अशा पिशवीत ठेवूनच पॅक चार्ज करू देतात. पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी हे दोन्ही बदल सहज करता येतील.

आपला विश्वासू,
आरसी शर्यतींत भाग घेणारा एक वाचक, पुणे